नाडी खरी, कॅलरी अंदाजे

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या हिमायतनगर येथील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या जागेवरून एखादे डॉक्टर किंवा प्राध्यापक बोलतात. यंदा कार्यवाहांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी ना डॉक्टर, ना प्राध्यापक. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या वजनमापे खात्यात लागलो. मी काय बोलणार?" ते म्हणाले, "तुमच्या आईंच्या घड्याळाची गोष्ट त्या दिवशी सांगत होतात ना, तीच सगळ्यांना सांगा." म्हणून आज उभा आहे. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आत्ता आरती झाली. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी सहज मनगटं पाहत होतो. हिरवा दिवा लुकलुकणारी घड्याळं पहिल्या चार ओळींतच सतरा मोजली. कोणाला मुलाने हायटेक सिटीतून आणून दिलं, कोणाला लेकीने अमेरिकेहून पाठवलं. नाडी सांगतं, पावलं सांगतं आणि रात्री झोपताना सांगतं, आज तुम्ही इतक्या कॅलरी जाळल्या. या शेवटच्या आकड्याबद्दल मला बोलायचं आहे, कारण त्या एका आकड्याने आमच्या घरात दोन माणसांना त्रास झाला.

पहिला मी. तीन वर्षांपूर्वी रक्त तपासलं तर साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, चार किलो वजन उतरवा. मुलीने वाढदिवसाला घड्याळ दिलं, "बाबा, आता हिशोबात राहा." मी हिशोबाचाच माणूस. रोज खाल्लेलं फोनमध्ये लिहायचं, रात्री घड्याळाचा आकडा पाहायचा. घड्याळ म्हणायचं २,९००, खाणं भरायचं २,४००. म्हणजे रोज पाचशे शिल्लक! मग रविवारी पुरी-श्रीखंड झालं तरी मन खात नसे. सहा महिन्यांनी वजन चार किलो उतरायच्या ऐवजी तीन किलो वाढलं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ६.० वरून ६.३ वर गेला.

दुसरी आमची आई, वय ७३. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मी नवं घड्याळ घेतलं आणि जुनं तिच्या मनगटावर बांधलं. गेल्या चतुर्थीला ती पहाटे पाचला उठली. नारळ खवले, उकड काढली, एक्कावन्न मोदक वळले, नैवेद्य, पंगत, आवराआवर. दुपारी चारला मला म्हणते, "अरे, हे घड्याळ म्हणतंय मी आज काहीच केलं नाही." मी हसून सोडून दिलं. तिने मात्र मनाला लावून घेतलं. दुपारी दोन घास खाल्लेले, तेवढ्यावर संध्याकाळी कोणाला न सांगता एकटी चालायला गेली. गल्लीच्या टोकाशी चक्कर आली आणि औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसली. दुकानदार ओळखीचा, त्याने फोन केला म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिला म्हणाले, "आजी, तुमची गोळी नाडीला लगाम घालते. तुम्ही कितीही राबलात तरी नाडी फार चढत नाही. त्या घड्याळाला हे कसं कळणार?"

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. आमच्या खात्यात कुठलंही माप समोर आलं की तीन प्रश्न विचारायची सवय असते. हे नेमकं काय मोजतं? ते कुठल्या प्रमाणित मापाशी ताडून पाहिलं आहे? आणि किती चूक चालते? घड्याळालाही हेच तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न. घड्याळ मोजतं काय? कॅलरी तर नक्कीच नाही. ते मनगटाच्या कातडीवर हिरवा उजेड टाकतं. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं, परत येणारा उजेड कमी होतो. ही चढउतार मोजली की नाडी मिळाली. छातीवरचा पट्टा हृदयाचा विजेचा संकेतच पकडतो, तो आणखी भरवशाचा. फिनलंडच्या पोलार कंपनीने असा बिनतारी पट्टा १९८२ साली बाजारात आणला, तो खेळाडूंसाठी होता. बहुतेक घड्याळांत हात किती हलतो हे पाहणारा एक सेन्सरही असतो. तुमचं वय, वजन, उंची, स्त्री की पुरुष हे तुम्ही सांगितलेलं असतं. एवढ्या सामग्रीवरून कॅलरीचा अंदाज बांधतात. सूत्र कंपन्या उघड करत नाहीत.

दुसरा प्रश्न, प्रमाणित माप कुठलं? शरीर अन्न जाळतं तेव्हा ऑक्सिजन वापरतं. एक लिटर ऑक्सिजन वापरला की ढोबळमानाने पाच कॅलरी खर्च झाल्या असं धरतात. इथे कॅलरी म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो ती, शास्त्रातली किलोकॅलरी. म्हणजे खरं माप श्वासात आहे. १९११ साली ऑक्सफर्डच्या डग्लस नावाच्या शास्त्रज्ञाने एक मोठी पिशवी केली. तोंडात नळी धरायची, सोडलेला श्वास पिशवीत जमा करायचा आणि त्यातला ऑक्सिजन किती कमी झाला ते पाहायचं. आजही प्रयोगशाळेत तत्त्व तेच आहे, फक्त यंत्रं सुधारली.

आणि मंडळी, या कामाचं एक मोठं ठिकाण आपल्याच गावात आहे. तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था आपण सगळ्यांनी बसमधून जाता-येता पाहिली आहे. १९१८ साली कुन्नूरला एका खोलीत सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. तेव्हा तिचे संचालक होते डॉ. वि. ना. पटवर्धन, आपला मराठी माणूस. पुढे १९६२ साली या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दगडफोड्यांचा आहार आणि श्रमांचा खर्च यांवर शोधनिबंध लिहिला, १९६६ साली शेतमजुरांवर. अंगमेहनतीच्या कामाला किती अन्न लागतं हे आपल्याकडच्या माणसांवर मोजून ठरवण्याचं काम असं झालं.

पण तोंडात नळी धरून कोणी मोदक वळणार नाही. रोजच्या जगण्यातला खर्च मोजायला दुसरी पद्धत आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला देतात. हा हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र पाण्यावाटेही जातो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. आठवडा-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून दोन्हींतला फरक काढला की श्वासावाटे किती गेलं ते कळतं आणि त्यावरून कॅलरी. माणसांवर हा प्रयोग १९८२ पासून सुरू झाला. पद्धत उत्तम, पण महाग. शिवाय ती आठवड्याचा एकूण आकडा देते, एका तासाचा नाही.

आता मुख्य गोष्ट. नाडीवरून ऑक्सिजन कसा ओळखायचा? माणूस पळायला लागला, सायकल मारायला लागला की नाडी आणि ऑक्सिजन जवळजवळ सरळ रेषेत एकत्र वाढतात. त्यामुळे व्यायामात नाडीवरून कॅलरीचा अंदाज बऱ्यापैकी जमतो. पण माणूस बसलेला, उभा, घरात वावरणारा असला की ही रेषा मोडते. नुसतं बसल्याचं उभं राहिलं तरी नाडी वाढते, ऑक्सिजन फारसा वाढत नाही. आणि आपला सगळा दिवस याच पट्ट्यात जातो. देशपांडे काका असोत की मी, दिवसातले तेवीस तास आपण काही पळत नाही.

हिशोब करून दाखवतो. २००५ साली संशोधकांनी ११५ जणांवर प्रयोग करून नाडी, वजन आणि वय यांवरून कॅलरी काढायचं एक सूत्र दिलं. इंटरनेटवरच्या बऱ्याच कॅलक्युलेटरांत तेच वापरतात. ही माणसं १८ ते ४५ वयाची, नियमित व्यायाम करणारी होती आणि मोजणी व्यायाम करताना झाली होती. समजा पुरुष, वय ४५, वजन ७० किलो, म्हणजे साधारण मीच. नाडी १२० घातली तर सूत्र तासाला सुमारे ६२५ कॅलरी सांगतं. चांगलं पळणाऱ्याला ते शोभतं. आता माझ्या ऑफिसातल्या खुर्चीवरची नाडी ७५ घाला. उत्तर येतं तासाला सुमारे २१८. प्रत्यक्षात ७० किलोचा माणूस शांत बसून तासाला साधारण ७० कॅलरी खर्च करतो. म्हणजे तिप्पट! त्या सूत्राने दिवसभराचा हिशोब केला तर फायली चाळणारा कारकून पाच हजारांवर कॅलरी जाळतो. सूत्र करणाऱ्यांचा दोष नाही, त्यांनी ते व्यायामासाठीच केलं होतं. चूक ते खुर्चीवर लावणाऱ्याची. घड्याळवाल्या कंपन्या यापेक्षा शहाण्या असतील, हालचालही पाहत असतील, पण अडचण त्यांच्यापुढेही हीच आहे.

शास्त्रज्ञांनी यावर एक युक्ती काढली आहे. प्रत्येक माणसाला आधी प्रयोगशाळेत झोपवून, बसवून, उभं करून, चालवून त्याची स्वतःची रेषा काढायची. एक उंबरठा ठरवायचा. नाडी त्याखाली असली की विश्रांतीचा आकडा धरायचा, वर गेली की त्याची रेषा वापरायची. १९९० साली ब्रिटिश संशोधकांनी ही पद्धत जड पाण्याच्या पद्धतीशी १४ जणांवर ताडून पाहिली. सरासरी चूक फक्त २ टक्के निघाली. वा! पण एकेकाचं पाहिलं तर कोणाचा आकडा २२ टक्के कमी, कोणाचा ५२ टक्के जास्त. गटासाठी पद्धत उत्तम, तुमच्या-माझ्यासाठी नाही. आणि हे प्रत्येकाची रेषा वेगळी काढूनसुद्धा. आपल्या घड्याळाने आपली रेषा कधी काढलीच नाही.

रोजच्या आयुष्यात नाडी आणखी कशाकशाने वाढते ते पाहा. मे महिन्यात आपल्याकडे ऊन तापलं की अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे जातं, हृदय जास्त धडधडतं, कॅलरी मात्र तेवढ्या जळत नाहीत. लिबर्टीच्या चौकात स्कूटर अडकली आणि मागचा हॉर्न वाजवायला लागला की नाडी चढते. वरिष्ठांनी फाईल घेऊन बोलावलं की चढते. कडक चहा, ताप, अपुरी झोप, सगळ्यांनी चढते. रागाने चरबी वितळत असती तर आमच्या ऑफिसात एकही जाडा माणूस उरला नसता. तेवढाच ऑक्सिजन लागणारं काम पायांऐवजी हातांनी केलं तर नाडी जास्त वाढते. भरलेला गॅस सिलिंडर धरून नुसतं उभं राहिलं तरी वाढते. आणि उलट बाजूला आमच्या आईसारखी माणसं. बीटा ब्लॉकर जातीची गोळी घेणाऱ्यांची नाडी दिवसभर खाली असते. त्यांच्या श्रमांचं माप घड्याळ कमी दाखवू शकतं.

आता तिसरा प्रश्न. चूक किती? २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात वेगवेगळी मनगटी यंत्रं ६० जणांवर तपासली, बसताना, चालताना, पळताना, सायकल चालवताना. नाडीच्या बाबतीत सातांपैकी सहा यंत्रांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. घरातल्या माणसाला एवढं पुष्कळ. पण कॅलरीत सगळ्यात चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के! गडद वर्णाच्या आणि जास्त वजनाच्या लोकांत यंत्रं जास्त चुकलेली दिसली. तेव्हापासून नवी घड्याळं आली आहेत, पण नाडीवरून खर्च ओळखायचा मूळ प्रश्न बदललेला नाही.

२७ टक्के म्हणजे किती, ते माझ्या खात्याच्या भाषेत सांगतो. आम्ही पेट्रोलपंप तपासतो तेव्हा पाच लिटरचं प्रमाणित माप भरून पाहतो. २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते. तो अर्धा टक्का झाला. २७ टक्के चूक म्हणजे पाच लिटरमागे १,३५० मिलिलिटर! असा पंप तुम्ही एक दिवस तरी चालू द्याल का? ताप पाहायचा थर्मामीटर, रक्तदाबाचं यंत्र हेही आमच्या नियमांत येतं. घड्याळातली कॅलरी ताडायला मात्र माझ्या टेबलावर कुठलंही माप नाही.

कोणी म्हणेल, थोडंफार इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं? माझ्या वाढलेल्या तीन किलोंचा हिशोब करा. एक किलो चरबी ढोबळमानाने ७,७०० कॅलरींची. तीन किलो म्हणजे २३,१००. सहा महिन्यांच्या १८० दिवसांनी भागलं की रोजच्या १२८ कॅलरी. एक मोठा चमचा तूप, पंधरा ग्रॅम, म्हणजे १३५. म्हणजे रोज चमचाभर तुपाची चूक मला काठावरून आत ढकलायला पुरेशी होती, आणि माझं घड्याळ रोज शेकड्यांनी चुकत होतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे मी नंतर पाहिले. ६५ किलो वजनाच्या बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी, मध्यम श्रमाच्या पुरुषाला २,७१०. ५५ किलोच्या बैठ्या स्त्रीला १,६६०, मध्यम श्रमाच्या स्त्रीला २,१३०. माझं वजन पाच किलो जास्त धरलं तरी खुर्चीवर बसून २,९००? माझ्या घड्याळाने मला मध्यम श्रमाच्याही वर नेऊन बसवलं होतं! तो आकडा पहिल्याच रात्री खटकायला हवा होता. पण आपल्याला सोयीचा आकडा कोण तपासतो?

आणखी एक गोष्ट आपल्या अंगकाठीची. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बी.एम.आय., दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सारखे, आतून वेगळे. विश्रांतीतही जास्त अन्न जाळतात ते स्नायू आणि आतले अवयव, चरबी कमी जाळते. घड्याळाला आपण फक्त वजन सांगतो. त्यातलं स्नायू किती, चरबी किती, हे त्याला ठाऊक नाही.

मग घड्याळ फेकून द्यायचं का? मुळीच नाही. मी अजून घालतो. जे त्याला नीट मोजता येतं तेवढ्यासाठी वापरतो. आमच्या घरात आता काय चालतं ते सांगतो.

एक, नाडीवर विश्वास ठेवतो, विशेषतः सकाळी उठल्यावरच्या शांत नाडीवर. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्टसर पण काचणार नाही असा. शांत नाडी बरेच दिवस वेगळी दिसली तर डॉक्टर.

दोन, कॅलरीच्या आकड्यावरून जेवण ठरवत नाही. घड्याळाने चारशे दाखवले म्हणून चारशे खायचे नाहीत. तासभर साधं चाललं तर माझ्या वजनाला सुमारे २४५ कॅलरी लागतात आणि त्यातल्या ७० बसूनही गेल्याच असत्या.

तीन, तुलना स्वतःची स्वतःशी. तेच घड्याळ, तोच रस्ता. नौबत पहाडावर बिर्ला मंदिराच्या पायऱ्या चढताना गेल्या वर्षी नाडी जेवढी जायची तेवढी आता जात नसेल तर दम वाढला. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना नको.

चार, कॅलरीऐवजी मिनिटं मोजतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येतं, पण आरती म्हणता येत नाही, एवढं.

पाच, हृदयाची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी घड्याळाचं ऐकून जास्तीचे श्रम करू नयेत आणि घड्याळ खाली दाखवतं म्हणून गोळी तर अजिबात बंद करू नये. किती चालायचं ते डॉक्टरांना विचारावं.

आणि शेवटचं, वजनकाटा आणि शिंप्याची टेप. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी वजन. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर, त्यापुढे गेली तर सावध. काटा आणि टेप ही दोन्ही मापं ताडून पाहता येतात. मी याच दोघांच्या भरवशावर वर्षभरात पाच किलो उतरवले. साखर अजून काठावरच आहे, पण अलीकडच्या.

आईचं सांगून थांबतो. ती आता घड्याळात वेळ आणि सकाळची नाडी पाहते. कॅलरीचा तो गोल मुलीने पडद्यावरून काढून टाकला. यंदाही तिने मोदक केले, पण एकवीस, आणि उकड मळायला मला बसवलं. दहा मिनिटांत माझे हात भरून आले. माझी नाडी घड्याळात ११२ दिसत होती. कॅलरी किती गेल्या ते मी पाहिलं नाही.

मागे मोदकांची ताटं तयार दिसताहेत. मी जास्त वेळ घेत नाही. 

गणपती बाप्पा मोरया!